सीमा कोणी राखायची? : लिनक्सवरील आभासी यंत्रे आणि कंटेनर

एकाच संगणकावर एकमेकांशी काहीही संबंध नसलेली अनेक कामे चालवायची, त्यातील एकाच्या चुकीची झळ दुसऱ्याला लागू द्यायची नाही, आणि तरीही प्रत्येक कामाला तो संगणक जणू आपल्या एकट्यासाठीच राखून ठेवला आहे असे वाटू द्यायचे, ही गरज संगणकाच्या इतिहासात फार लवकर निर्माण झाली आणि आजतागायत ती कधीच मागे पडलेली नाही. महागड्या यंत्राचा एकही क्षण वाया जाऊ नये या काटकसरीतून ती प्रथम पुढे आली. नंतर यंत्रे स्वस्त झाली, पण त्यांवर विसंबून असलेले बँकांचे, आरक्षणाचे, रुग्णालयांचे व्यवहार इतके वाढले की काटकसरीच्या जोडीला सुरक्षितता हेही तितकेच बळकट कारण होऊन बसले. लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर ही गरज मुख्यतः दोन मार्गांनी भागवली जाते. पहिला मार्ग आभासी यंत्राचा, म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक उभा करण्याचा. दुसरा मार्ग कंटेनरचा, म्हणजे संगणक एकच ठेवून त्यावरील कामांच्या दृष्टीला आणि वाट्याला मर्यादा घालण्याचा. या दोन्ही मार्गांची मुळे दाखवणे, आणि कोणत्या प्रसंगी कोणता मार्ग धरावा याविषयी वाचकाला स्वतःचे मत बनवता येईल इतकी सामग्री त्याच्या हाती देणे, हे प्रस्तुत ग्रंथाचे प्रयोजन आहे.

कंटेनर म्हणजे हलके आभासी यंत्र, अशी व्याख्या सर्रास केली जाते. ती लक्षात ठेवायला सोपी आहे, पण चुकीची आहे, आणि ज्याने तीच धरून ठेवली त्याला पुढे कंटेनरची सुरक्षितता, त्याची गती आणि त्याच्या मर्यादा यांपैकी कशाचाच नीट उलगडा होत नाही. दोहोंतील भेद वजनाचा नसून सीमेचा आहे. संगणकाचे हार्डवेअर आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये जो कारभारी बसलेला असतो, जो मेमरी वाटून देतो, प्रोसेसरचा वेळ वाटून देतो आणि फाइल किंवा नेटवर्क यांकडे जाणारी प्रत्येक मागणी स्वतःच्या हाताखालून जाऊ देतो, त्याला कर्नल म्हणतात. आभासी यंत्रांत प्रत्येकाचा कर्नल वेगळा असतो आणि दोन यंत्रांमधील सीमा राखण्याचे मुख्य काम प्रोसेसरकडे असते; कंटेनरांत सर्वांचा कर्नल एकच असतो आणि सीमाही तोच राखतो. या ग्रंथातील बहुतेक सर्व विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे असे म्हटले तरी चालेल.

या भेदाची साक्ष लिनक्सच्या उगमसंहितेतच मिळते. कर्नलच्या सी भाषेतील संहितेत आभासी यंत्रासाठी ‘केव्हीएम’ या नावाची एक स्वतंत्र रचना आहे, तिच्यात त्या यंत्राची मेमरी, त्याचे आभासी प्रोसेसर यांची नोंद ठेवलेली असते. म्हणजे कर्नलला आभासी यंत्र ही वस्तू ठाऊक आहे. कंटेनर नावाची मात्र कोणतीही वस्तू त्याला ठाऊक नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची, म्हणजेच प्रोसेसची, जी नोंद कर्नल ठेवतो, तिच्यात एक दर्शक त्या प्रोसेसच्या दृष्टीच्या मर्यादा सांगतो आणि दुसरा तिच्या वाट्याच्या मर्यादा सांगतो, एवढेच. २०१७ साली कंटेनर ही कर्नलमधील अधिकृत वस्तू करावी असा प्रस्ताव संहितेसह मांडण्यात आला होता, पण तो स्वीकारला गेला नाही. बाहेरचे जग ज्याला कंटेनर म्हणते ती अनेक सुट्या सोयींची एक विशिष्ट जुळणी आहे आणि ही जुळणी कर्नलच्या बाहेरचे प्रोग्रॅम करतात.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच करणे इष्ट ठरेल. ‘व्हर्च्युअल’ या शब्दासाठी मराठीत ‘आभासी’ हा शब्द रूढ झाला आहे आणि प्रस्तुत ग्रंथानेही तोच पत्करला आहे, तरी त्याच्याबरोबर येणाऱ्या अर्थच्छटेपासून वाचकाने सावध राहिले पाहिजे. मराठी मनात ‘आभास’ म्हटले की मृगजळ आठवते, म्हणजे जे दिसते पण नसते. आभासी यंत्राचे तसे नाही. त्यात केलेली बेरीज खरी असते, त्याने डिस्कवर लिहिलेली फाइल खरी असते, त्याने अडवून धरलेली मेमरी दुसऱ्या कोणालाही मिळत नसते. आभास आहे तो फक्त यंत्राच्या स्वतंत्रपणाचा. कर्नल, प्रोसेस, कंटेनर, नेमस्पेस हे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण पुण्यातील असो वा नागपूरमधील, या क्षेत्रात काम करणारा मराठी माणूस हेच शब्द बोलतो, आणि पुस्तकातला शब्द व कामातला शब्द यांच्यात अंतर पडले की विद्यार्थ्याला एकच गोष्ट दोनदा शिकावी लागते.

आभासी यंत्राची कल्पना लिनक्सपेक्षा कितीतरी जुनी आहे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील संशोधन केंद्रात १९६०च्या दशकाच्या मध्यास सीपी-४० नावाची प्रणाली घडवण्यात आली आणि १९६७ साली ती वापरात आली. तिने एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक केले आणि त्यांतील प्रत्येकावर एकाच वापरकर्त्यासाठी बनवलेली साधी कार्यप्रणाली चालवून दाखवली. त्याच वंशातील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ साली बाजारात आणली. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या अनुभवाला शास्त्रीय रूप दिले. एखाद्या प्रोसेसरवर आभासी यंत्र कार्यक्षमतेने उभारता येण्यासाठी कोणती अट पुरेशी आहे हे त्यांनी सांगितले. सोप्या शब्दांत ती अट अशी की, यंत्राच्या मूळ अवस्थेला हात घालणारी किंवा ती अवस्था उघड करणारी प्रत्येक आज्ञा जर अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने दिली, तर प्रोसेसरने काम थांबवून वरच्या कारभाऱ्याला हाक मारली पाहिजे. हाक आली की कारभारी त्या आज्ञेचे सोंग हुबेहूब वठवतो आणि पाहुण्या प्रणालीला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

घराघरांत पोहोचलेला इंटेलच्या घराण्याचा, एक्स८६ या नावाने ओळखला जाणारा प्रोसेसर नेमका या अटीत बसत नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने पेंटियम प्रोसेसरमधील अशा सतरा आज्ञा वेगळ्या काढून दाखवल्या. त्यांपैकी ‘पॉपएफ’ ही आज्ञा जवळून पाहण्यासारखी आहे. प्रोसेसरच्या अवस्थेचे झेंडे ती स्टॅकवरून उचलून पुन्हा जागेवर बसवते, आणि बाहेरून येणारे व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट, स्वीकारायचे की नाही हे ठरवणारा झेंडाही त्यांत असतो. अधिकार असलेल्या कर्नलने ही आज्ञा दिली तर तो झेंडा बदलतो. अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने दिली तर प्रोसेसर तो बदल गुपचूप सोडून देतो, हाकही मारत नाही आणि चूकही दाखवत नाही. आभासी यंत्रातील पाहुणा कर्नल आपण अधिकारी आहोत या समजुतीने ‘व्यत्यय बंद’ असे म्हणतो, प्रत्यक्षात काहीच बंद झालेले नसते, आणि ही गोष्ट ना पाहुण्याला कळते ना यजमानाला. अशा पायावर आभासी यंत्र सरळ मार्गाने उभे राहणे शक्य नव्हते.

त्यावर दोन वळणे शोधली गेली. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ साली पाहुण्या कर्नलची संहिता चालता चालताच तपासून तिच्यातील अडचणीच्या आज्ञा बदलून टाकणारे उत्पादन आणले. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून पुढे आलेल्या झेन या मुक्तस्रोत प्रकल्पाने २००३ साली वेगळी भूमिका घेतली. पाहुण्याला फसवण्यापेक्षा त्याला विश्वासात घ्यावे, त्याच्या कर्नलमध्येच थोडा बदल करावा आणि अडचणीच्या आज्ञांच्या जागी त्याने यजमानाला सरळ विनंती करावी, असे झेनने मांडले. दोन्ही वळणे बुद्धिमान होती, पण त्यांची गरज फार काळ उरली नाही, कारण इंटेलने २००५च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रासाठी वेगळी अवस्था आणली. या अवस्थेत पाहुणा कर्नल पूर्ण अधिकाराने धावतो, मात्र ठरवून दिलेल्या प्रसंगी प्रोसेसर त्याला थांबवून ताबा यजमानाकडे परत देतो. पोपेक आणि गोल्डबर्ग यांची अट तीन दशकांनी पुरी झाली.

लिनक्सच्या दृष्टीने निर्णायक पाऊल यानंतरचे आहे. अवी किविटी यांनी क्युमरानेट या इस्रायली कंपनीत लिहिलेले केव्हीएम २००६च्या ऑक्टोबरमध्ये कर्नलच्या विकासकांपुढे ठेवले गेले आणि फेब्रुवारी २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत ते दाखलही झाले. पुढल्याच वर्षी रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. इतक्या मोठ्या बदलाला इतक्या लवकर प्रवेश मिळाला याचे कारण त्याच्या संयमात आहे. यंत्रांवर देखरेख करणारा नवा कारभारी लिहिण्याऐवजी, वेळ वाटणे आणि मेमरी वाटणे ही कामे जो आधीपासून उत्तम करतो त्या लिनक्सलाच केव्हीएमने कारभारी नेमले. केव्हीएमखाली चालणारे प्रत्येक आभासी यंत्र ही यजमान लिनक्सच्या नजरेत एक साधी प्रोसेस असते आणि त्याचा प्रत्येक आभासी प्रोसेसर हा त्या प्रोसेसमधील एक धागा, म्हणजे थ्रेड, असतो. प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या नेहमीच्या आज्ञेने ते यंत्र दिसते, प्रोसेस मारणाऱ्या नेहमीच्या आज्ञेने ते मरते.

यंत्राचा उरलेला देह, म्हणजे डिस्क, नेटवर्क कार्ड, घड्याळ, पडदा, हा बहुधा क्यूईमू नावाचा प्रोग्रॅम पुरवतो. फाब्रिस बेलार यांनी तो २००३ साली प्रथम प्रसिद्ध केला. या दोघांची वाटणी कशी चालते ते एका अक्षराच्या प्रवासावरून समजते. पाहुण्या कर्नलने आपल्या सिरियल पोर्टवर एक अक्षर लिहिले, तर त्या आज्ञेपाशी प्रोसेसर थांबतो आणि ताबा यजमान कर्नलमधील केव्हीएमकडे येतो. केव्हीएम थांबण्याचे कारण पाहते, असा पोर्ट आपल्याकडे नाही हे ओळखते आणि काम क्यूईमूकडे सोपवते. क्यूईमू ते अक्षर एखाद्या खिडकीत किंवा फाइलमध्ये उमटवतो आणि पाहुण्याला पुन्हा चालू करण्याची विनंती केव्हीएमला करतो. एका अक्षरासाठी एवढी पायपीट परवडते, पण सेकंदाला हजारो पाकिटे हाताळणाऱ्या नेटवर्क कार्डासाठी परवडत नाही. म्हणून रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ ही पद्धत रचली. तिच्यात पाहुणा आणि यजमान एका सामायिक मेमरीत मागण्यांची रांग ठेवतात आणि अनेक मागण्यांसाठी मिळून एकदाच हाक मारतात. झेनने सांगितलेले ‘पाहुण्याला विश्वासात घेणे’ येथे वेगळ्या रूपाने परत आलेले दिसते, आणि चांगली कल्पना तिच्या पहिल्या कारणापलीकडेही जगते याचे हे सुंदर उदाहरण आहे.

मेमरीच्या बाबतीतही असाच दुहेरी व्यवहार असतो. प्रोग्रॅम वापरतो ते पत्ते आणि प्रत्यक्ष मेमरीतील पत्ते यांचा मेळ कर्नल तक्त्यांच्या साह्याने घालतो. आभासी यंत्रात पाहुण्याचा तक्ता एक आणि यजमानाचा तक्ता दुसरा, असे दोन थर होतात. अलीकडचे प्रोसेसर हे दोन्ही थर स्वतः उतरतात, पण चार पायऱ्यांचे दोन तक्ते एकमेकांत गुंतले की एका पत्त्याचा शोध लावण्यासाठी जास्तीत जास्त चोवीस वेळा मेमरी वाचावी लागते, जिथे एरवी चार वेळा पुरते. आभासी यंत्र ‘जड’ असते असे म्हणतात तेव्हा त्या जडपणाचा एक भाग हा, आणि दुसरा, अधिक ठळक भाग म्हणजे प्रत्येक यंत्रात स्वतंत्रपणे सुरू होणारा, स्वतःची मेमरी राखून बसणारा संपूर्ण कर्नल.

कंटेनरची वंशावळ याहून साधी आहे आणि ती युनिक्समध्ये आहे. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ ही सोय आली. एखाद्या प्रोसेसला फाइलींच्या वृक्षाची एक फांदी दाखवून हेच मूळ आहे असे तिला सांगता येऊ लागले. ती सुरक्षेची भिंत म्हणून बांधलेली नव्हती आणि पूर्ण अधिकार असलेल्या प्रोसेसला तिच्यातून बाहेर पडता येत असे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीने मार्च २०००मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत ‘जेल’ आणून ही उणीव विचारपूर्वक भरून काढली. पाउल-हेनिंग काम्प यांचे हे काम आजही वाचनीय आहे. लिनक्सने मात्र एकसंध कोठडी बांधली नाही. बेल प्रयोगशाळेतील प्लॅन ९ या प्रायोगिक प्रणालीकडून प्रेरणा घेऊन त्याने प्रत्येक प्रोसेसच्या दृष्टीचा एकेक भाग वेगळा करता येईल अशी सोय हळूहळू घडवली. या सोयीचे नाव नेमस्पेस.

नेमस्पेसला भिंत म्हणण्यापेक्षा बैलाच्या डोळ्यांना लावलेली झापड म्हणणे अधिक योग्य होईल, कारण ती जग तोडत नाही, ते किती दिसावे एवढेच ठरवते. पहिली झापड फाइलवृक्षासाठी होती आणि ती २००२ साली आली. तिच्या सांकेतिक नावात नुसते ‘नवी नेमस्पेस’ एवढेच म्हटले आहे, कारण तिच्यामागून आणखी येतील असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते. २००६ साली यंत्राचे नाव आणि प्रोसेसमधील संवाद यांच्या, मग प्रोसेस-क्रमांकांची आणि नेटवर्कची, २०१३ साली वापरकर्त्यांच्या ओळखींची, २०१६ साली वाट्याच्या गटांची आणि २०२० साली घड्याळाची, अशा एकूण आठ प्रकारच्या नेमस्पेस आज लिनक्समध्ये आहेत. प्रोसेस-क्रमांकांची नेमस्पेस पाहिली की सगळ्याचे मर्म कळते. कंटेनरच्या आत जाऊन प्रोसेसची यादी मागितली तर आतला मुख्य प्रोग्रॅम आपला क्रमांक १ असल्याचे सांगतो, म्हणजे ज्या क्रमांकाने संपूर्ण प्रणाली सुरू होते तो मान त्याला मिळालेला असतो. त्याच क्षणी यजमानावर दुसऱ्या खिडकीत यादी मागितली तर तोच प्रोग्रॅम इतर शेकडो प्रोसेसच्या गर्दीत एखाद्या चार-पाच आकडी क्रमांकाने उभा असतो. प्रोसेस एकच आहे, तिला दोन नावे आहेत, आणि यजमानाच्या नजरेतून काहीही लपलेले नाही. आभासी यंत्राच्या बाबतीत असे होत नाही. तिथे यजमानाला क्यूईमूची एक प्रोसेस दिसते आणि तिच्या पोटातील पाहुण्याच्या प्रोसेस त्याच्या यादीत कधीच येत नाहीत.

दृष्टीला मर्यादा घातली तरी भुकेला मर्यादा पडत नाही. त्यासाठी लिनक्समध्ये सी-ग्रुप ही दुसरी सोय आहे, आणि शिधापत्रिकेची कल्पना असलेल्या मराठी वाचकाला ती समजायला वेळ लागणार नाही. कोणत्या गटाला किती मेमरी, प्रोसेसरचा किती वेळ, डिस्कचा किती वेग, याची नोंद आणि वाटप ती करते. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ साली हे काम सुरू केले, जानेवारी २००८मधील २.६.२४ या आवृत्तीत ते कर्नलमध्ये आले, आणि मेमरीचा वाटा मोजणारा भाग उभा करण्यात आयबीएमच्या भारतातील विकासकांचा, विशेषतः बलबीर सिंग यांचा, मोठा वाटा होता. सुरुवातीला या प्रकल्पाचे नाव ‘प्रोसेस कंटेनर’ असे होते. कर्नलमध्ये कंटेनर या शब्दाला आधीच अनेक अर्थ असल्याने ते बदलण्यात आले.

झापड आणि शिधा या दोन सोयी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळात घडल्यामुळे त्यांच्यात फटी राहिल्या, आणि त्यांतील एका फटीने अनेकांना छळले. कंटेनरला शिधा ५१२ मेगाबाइट मेमरीचा दिला, तरी आतून ‘यंत्रात मेमरी किती’ असे विचारणारा प्रोग्रॅम ज्या फाइलमध्ये उत्तर शोधतो ती फाइल नेमस्पेसमध्ये वेगळी होत नाही, त्यामुळे त्याला यजमानाची सगळी मेमरी दिसते. जावा भाषेतील संहिता चालवणारा जुना प्रोग्रॅम अशा वेळी ६४ गिगाबाइट पाहून त्याचा चौथा हिस्सा आपल्याला वापरता येईल असे गृहीत धरी, ५१२ मेगाबाइटची मर्यादा ओलांडताच कर्नल त्याला मारून टाकी, आणि नोंदवहीत चुकीचे कोणतेही कारण न सापडल्याने विकासक हताश होई. जावाच्या २०१८ सालच्या दहाव्या आवृत्तीने सी-ग्रुपच्या मर्यादा वाचायला सुरुवात केली तेव्हा हा त्रास संपला. कंटेनर हे आभासी यंत्र असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण तिथे पाहुण्या कर्नलला दिलेली मेमरी हीच त्याची सगळी मेमरी असते.

एवढे सगळे २०१३च्या आधीच बहुतांशी तयार होते, आणि २००८पासून एलएक्ससी या साधनसंचाने त्याची जुळणीही करता येत होती. तरीही कंटेनर हा शब्द सर्वतोमुखी झाला तो मार्च २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या संमेलनात डॉकर दाखवल्यानंतर. डॉकरने विलगीकरणाचा नवा शोध लावला नाही. त्याने बांधणीचा प्रश्न सोडवला. प्रोग्रॅम, त्याला लागणारी ग्रंथालये आणि फाइली यांचे थरांवर थर रचून एक प्रतिमा करायची, दहा प्रतिमांना समान असलेला तळचा थर डिस्कवर एकदाच ठेवायचा, चालताना सर्वांत वर एक कोरा थर पसरून सगळे बदल त्यावरच घ्यायचे, आणि ही प्रतिमा कोणत्याही लिनक्सवर तशीच चालवायची, ही ती रीत आहे. ‘माझ्या संगणकावर तर चालते’ हे विकासकाचे जुने उत्तर या रीतीने निरर्थक केले, आणि प्रस्तुत ग्रंथाच्या मते कंटेनरच्या यशाचे खरे कारण तेच आहे, गती किंवा हलकेपणा नव्हे. २०१५ साली स्थापन झालेल्या ओसीआय या खुल्या संस्थेखाली २०१७ साली प्रतिमेचे आणि ती चालवण्याचे स्वरूप प्रमाणित झाले, त्यामुळे आज पॉडमनसारखी दुसरी साधनेही तीच प्रतिमा चालवतात. हजारो कंटेनर अनेक यंत्रांवर वाटून देणारी कुबेर्नेटिस ही प्रणाली गूगलने २०१४ साली खुली केली. तिचा विषय इतका मोठा आहे की या ग्रंथात तिला एका प्रकरणापुरतेच स्थान दिले आहे.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर ग्रंथाची भूमिका स्पष्ट आहे आणि ती येथे लपवण्याचे कारण नाही. कंटेनरमधील प्रत्येक प्रोग्रॅम फाइल उघडण्यापासून नेटवर्कवर बोलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी यजमानाच्या कर्नलकडे थेट मागणी करतो. अशा मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात, आणि लिनक्समध्ये त्यांचे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. डॉकर त्यांपैकी सुमारे ४४ प्रकार मुळातच बंद ठेवतो, सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार तुकड्यांत विभागून त्यांतील बरेचसे काढून घेतो, आणि सांगितल्यास आतल्या सर्वाधिकाऱ्याला बाहेर सामान्य वापरकर्ता करून ठेवतो. तरीही उरलेल्या शेकडो दारांपैकी एकाची कडी निकामी असली की सगळा यजमान उघडा पडतो. २०१६ साली उजेडात आलेली ‘डर्टी काउ’ ही कर्नलमधील चूक तशीच होती. २०१९ साली तर कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्रॅमचीच फाइल आतून बदलता येते असे आढळले, म्हणजे कोठडीत शिरताना रखवालदार ज्या दारातून आत डोकावतो तेच दार कैद्याने धरून ठेवावे तसे. आभासी यंत्रही अभेद्य नाही. २०१५ साली क्यूईमूमधील फ्लॉपी ड्राइव्हच्या, वर्षानुवर्षे कोणी न वापरलेल्या, संहितेत सीमेला भगदाड पाडणारी चूक सापडली, आणि २०१८च्या जानेवारीत जाहीर झालेल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या दोषांनी खुद्द प्रोसेसरच सीमा राखतो या विश्वासालाही तडा दिला. पण पाहुण्याला यजमानापर्यंत पोहोचण्याच्या वाटा आभासी यंत्रात मोजक्या असतात आणि कंटेनरमध्ये असंख्य असतात, हा फरक कोणत्याही सुधारणेने अजून पुसलेला नाही. म्हणून एकमेकांवर विश्वास असलेल्या, एकाच संस्थेच्या कामांसाठी कंटेनर पुरेसा आहे, आणि परक्या माणसाने लिहिलेली, न तपासलेली संहिता चालवायची असेल तर तिला आभासी यंत्राचीच सीमा हवी, असा या ग्रंथाचा निर्णय आहे.

मोठ्या प्रमाणावर व्यवहार करणाऱ्यांनीही हाच निर्णय आचरणात आणला आहे. ॲमेझॉनने २०१८ साली मुक्तस्रोत म्हणून प्रसिद्ध केलेले फायरक्रॅकर केव्हीएमवरच उभे आहे, पण क्यूईमूचा मोठा संसार टाकून त्याने मोजकीच उपकरणे ठेवली आहेत. त्यामुळे त्यातील यंत्र १२५ मिलिसेकंदांच्या आत पाहुण्याची संहिता सुरू करते आणि प्रत्येक यंत्रामागे पाच मेगाबाइटहून कमी मेमरी खर्च करते. काटा कंटेनर्स हा प्रकल्प बाहेरून कंटेनरसारखा वापरता येतो, पण आत प्रत्येकासाठी आभासी यंत्र उभे करतो. नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातील डेटा सेंटरांसारख्या ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या यंत्रसेवांवरही सामान्यतः हेच दुहेरी चित्र असते. भाडेकरूंमधील सीमा आभासी यंत्राची असते आणि एकाच भाडेकरूच्या कामांमधील सीमा कंटेनरची. मॅक संगणकावर लिनक्सचे कंटेनर चालवणाऱ्याला तर आधी, बहुधा नकळत, लिनक्सचे एक आभासी यंत्र चालवावे लागते, कारण कंटेनरला यजमानाचा कर्नल लागतो आणि मॅकचा कर्नल लिनक्स नाही.

हा विषय मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या आधारानेच का शिकावा याचे उत्तर वर आलेल्या तपशिलांत आहे. येथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट वाचकाला स्वतः उघडून पाहता येते. संहिता सार्वजनिक आहे, तिच्यातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने केला याची नोंद सार्वजनिक आहे, आणि नाकारलेल्या प्रस्तावांवरील वादही सार्वजनिक आहेत. मराठी माध्यमातून शिकून अभियांत्रिकी महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला ही संहिता परक्याची वाटण्याचे कारण नाही. तिला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त वेळ आणि चिकाटी लागते.

ग्रंथातील प्रयोगांसाठी महाग सामग्रीची आवश्यकता नाही. आठ गिगाबाइट मेमरीचा, गेल्या दहा वर्षांतील साधा लॅपटॉप आणि त्यावर डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा यांपैकी कोणतेही लिनक्स पुरेसे आहे. आभासी यंत्रांच्या प्रकरणांकडे वळण्यापूर्वी वाचकाने बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू आहे की नाही हे पाहून घ्यावे, कारण काही संगणकांवर ती कारखान्यातूनच बंद केलेली असते आणि ती बंद असल्यास केव्हीएम सुरू होत नाही. कंटेनरच्या प्रकरणांना तिची गरज नाही. तिथे डॉकर लगेच बसवू नये; ‘अनशेअर’ ही छोटी आज्ञा बहुतेक प्रत्येक लिनक्सबरोबर आधीपासूनच आलेली असते, आणि पहिला कंटेनर वाचकाने तिच्या साह्याने स्वतःच्या हाताने जुळवावा.